त्या वाफ्यात कोण उतरलं?

आजही कुणी माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला की ती घटना आठवते आणि मी क्षणभर तसाच थांबतो. सून हसते. म्हणते, "बाबा, तो काही विंचू नाही." मी म्हणतो, विंचू परवडला. तो चावला की ज्याला चावला त्याला लगेच कळतं.

चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात फुटलेली डोकी तर मोजलीच नाहीत. पण सगळ्यात अवघड तपास कोणता असं कुणी विचारलं की मी ज्या प्रकरणाकडे बोट दाखवतो त्यात रक्ताचा थेंब नव्हता, हत्यार नव्हतं आणि शेवटी आरोपीही नव्हता. नाव कुणाचंच लिहिणार नाही. गावाचंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकरच्या बाजूचं एक मोठं गाव समजा. आठवडी बाजार, ज्युनिअर कॉलेज, बसस्टँड आणि बसस्टँडसमोर दुकानांची एक ओळ. तिथं मी पोलीस निरीक्षक होतो, गावाच्या भाषेत ठाणेदार.

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईवडील भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई बाजारात पाटी मांडून बसायची आणि मी पाटीशेजारी पुस्तक उघडून. मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी आधी धोतराला हात पुसले आणि मगच ते प्रमाणपत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. त्या कागदाचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानाला एक खोड चिकटलेली होती. 'मला माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नसत. शिकलेल्या माणसानं असं म्हणायचं म्हणजे काय? ही खोड पुढं नडली, आणि माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाला जास्त नडली.

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवणारा एक गृहस्थ आला. पंचेचाळिशीचा, लग्नाचे अल्बम करणारा, जोडीला ऑनलाइन फॉर्मही भरून देणारा. खुर्चीच्या काठावर बसला आणि दोनदा दाराकडे पाहिलं. खबर द्यायला आलेला माणूस खुर्चीवर कधी पूर्ण टेकून बसत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाहत आलो.

त्याचं म्हणणं असं की गावातल्या कॉम्प्युटरांना कुणीतरी मुद्दाम रोग लावत आहे. फोल्डर गायब होतात, त्यांच्या जागी बाण काढलेली खोटी चित्रं दिसतात, ती दाबली तरी काही उघडत नाही. त्याचे स्वतःचे तीन लग्नांचे फोटो असेच गेले होते. आणि ज्याच्या ज्याच्याकडे हे झालं, तो तो समोरच्या सेवा केंद्रात जाऊन आलेला होता.

ते सेवा केंद्र एक बाई चालवायच्या. वय तिशीच्या आत. ऑनलाइन फॉर्म, दाखले, टायपिंग, झेरॉक्स. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सासरे गावाच्या कडेला भाजीपाला पिकवत. सासरच्या भावकीला सुनेनं बसस्टँडवर दुकान मांडणं पसंत नव्हतं, पण सासऱ्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. बाईंचं काम चोख होतं, त्यामुळे आधी स्टुडिओत जाणारे फॉर्मवाले हळूहळू तिकडे वळले होते. हे स्टुडिओवाल्यानं मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दुपारी ज्युनिअर कॉलेजचे क्लार्क लेखी अर्ज घेऊन आले. लॅबमधले बाराही कॉम्प्युटर एकदम आजारी पडले होते. पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं त्यात होती आणि शेवटची तारीख आठ दिवसांवर. क्लार्क दोनच दिवसांपूर्वी त्या सेवा केंद्रातून पेन ड्राइव्हवर काहीतरी आणून गेले होते.

दोन धागे एका ठिकाणी आले. अशा वेळी पोलिसाला तिसरा धागा शोधायचा आळस येतो. मलाही आला.

आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खाली कुणी करत नाही, म्हणून कागद माझ्याच टेबलावर राहिले. मी आमच्या जमादारांना बोलावलं. जुने हेड कॉन्स्टेबल, दांडगा अनुभव, गावातला कोणता माणूस कोणत्या वेळी कुठं सापडेल हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. ठाण्याचा एकुलता एक पेन ड्राइव्ह त्यांच्याच मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलेला असे. त्यांना सांगितलं, ओळीतल्या सगळ्या दुकानांत जा, कुणाकुणाचं काय बिघडलं ते विचारा आणि बिघडलेल्या फोल्डरांची नक्कल पुरावा म्हणून घेऊन या. संध्याकाळपर्यंत ते आले. म्हणाले, साहेब, ज्याचं ज्याचं बिघडलं तो त्या बाईकडे जाऊन आलेलाच आहे.

आज वाटतं, अख्खं गावच त्या बाईकडे जात होतं. ज्यांचं बिघडलं नव्हतं तेही जात होते. त्यांना आम्ही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाईंना बोलावलं. महिला पोलीस शेजारी बसवली. सासरे बरोबर आले होते, ते बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. आम्हाला सगळं कळलेलं आहे, असा चेहरा ठेवायचा आणि आवाज खाली ठेवायचा. शंभरातले नव्वद इथंच ढिले पडतात.

मी म्हणालो, "व्हायरस कुठून आणला, तेवढं सांगा."

बाई घाबरलेल्या होत्या. पण मान वर होती. म्हणाल्या, "साहेब, व्हायरस म्हंजे काय असते, ते तुमी मले सांगा. मंग मी कुठून आणला ते सांगते."

मी पाण्याचा ग्लास उचलला. दोन घोट घेतले. व्हायरस हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, चार वेळा वापरलाही होता, पण तो करतो काय, जातो कसा, याची मला काडीची माहिती नव्हती. त्या क्षणी 'ताई, मला माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मी म्हणालो, "प्रश्न मी विचारतो इथं."

त्या म्हणाल्या, "माह्या मशीनले ताप आहे, हे मले मान्य आहे. चार दिवसांपासून पाहून राह्यली. पण ताप मी आणला नाही, मलेही कोणाचा तरी लागला." मग स्वतःच म्हणाल्या की मशीन ठाण्यात ठेवून घ्या, तपासा. दोन पंचांसमोर आम्ही कॉम्प्युटरचा तो डबा जमा करून घेतला, सील लावलं आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. बाईंनी पावतीवर सही केली. जाताना एकच गोष्ट बोलल्या. गुन्हा दाखल झाला तर तहसीलमधून केंद्राचा नंबर बंद होतो, आणि एकदा दुकानाचं शटर पडलं की घरचे ते पुन्हा उघडू देणार नाहीत. रडल्या नाहीत. मला माहिती म्हणून सांगितलं.

जमादारांनी जबाब, अर्ज, पावती सगळं फाइलला लावलं. गुन्ह्याचा मसुदाही तयार होता, फक्त नंबर पडायचा होता. तो मी दोन दिवस अडवून धरला. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ग्लासातलं ते पाणी घशाखाली उतरलं नव्हतं, एवढं खरं.

त्या दोन दिवसांत गावानं मात्र निकाल लावून टाकला. बंद शटरवर कुणीतरी खडूनं 'व्हायरस सेंटर' लिहिलं. जमादारांनी सांगितल्यावर मी ते पुसायला लावलं, पण गावाच्या तोंडावरचं कसं पुसणार? सासरे रोज सकाळी भाजी बाजारात टाकून येत आणि कडुनिंबाखाली बसत. काही मागत नसत. आत-बाहेर करताना माझी नजर तिकडे जाई आणि मी ती फिरवून घेई.

तिसऱ्या दिवशी आमचं नशीब उघडलं म्हणायचं. ठाण्यात दोन कॉम्प्युटर होते. गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदीचा वेगळ्या खोलीत, कुलपात. दुसरा साधा, टपालाच्या टायपिंगचा. हा दुसरा त्या सकाळी सुरू केला तर समन्सचे, बंदोबस्ताचे, रजेचे सगळे फोल्डर गायब. जागोजाग तोच बाण.

ठाण्याची लिखापढी करणारा रायटर म्हणाला, "साहेब, बाईचं मशीन तं मुद्देमालात सील आहे. मंग हे इथं कोणं आणलं?"

तासाभरात कृषी केंद्रवाल्याचा फोन आला. त्याचंही तेच झालं होतं. आणि बाईंच्या दुकानात त्यानं वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. बियाण्याच्या खात्यांसाठी त्याचा मुलगा चिखलीहून येऊन काम करून जायचा.

संशयित कोठडीत असताना त्याच पद्धतीची घरफोडी गावात झाली तर काय समजायचं, हे शिकवायला बी.ए. लागत नाही. मी मसुदा बाजूला ठेवला आणि बुलढाण्याला सायबर शाखेत फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना म्हणालो, "सर, मला यातलं काही कळत नाही. कळणारं माणूस पाठवा."

आली ती एक महिला शिपाई. पंचवीस-सव्वीसची, पाठीला लॅपटॉपची बॅग, एसटीनं आलेली. जमादारांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. ती मात्र सरळ कामाला लागली. ओळीतल्या दुकानांत, कॉलेजात, ठाण्यात सगळीकडे फिरली. बाईंचं मशीनही पंचांसमोर उघडून तपासलं. दुपारी माझ्यासमोर वही घेऊन बसली. मी दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "पोरी, मला पहिलीच्या वर्गात बसव. अगदी पहिल्यापासून सांग."

तिनं जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. हा साधा व्हायरस नव्हता, किडा होता. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून बसतो, कुणी ती फाइल उघडली तर पुढं सरकतो. किड्याला असं चिकटायला फाइल लागत नाही. तो स्वतःच स्वतःची नक्कल काढतो आणि दुसरं मशीन शोधत निघतो. पेन ड्राइव्ह मशीनला लावला की किडा त्यावर आपलं एक पिल्लू ठेवतो. आपले खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावाचे खोटे दरवाजे उभे करतो. दुसऱ्या मशीनवर आपण तो खोटा दरवाजा दाबतो. किडा गुपचूप आत शिरतो आणि वर आपला खरा फोल्डर उघडूनही देतो, म्हणजे संशय नको. मग त्या मशीनमध्ये घर करतो, तिथल्या फोल्डरांचंही तेच करतो आणि पुढच्या पेन ड्राइव्हची वाट पाहतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तर पेन ड्राइव्हचीही गरज पडली नव्हती. बाराही मशीन एका वायरीला जोडलेली. एकात शिरल्यावर किडा वायरीवरून शेजारच्या मशीनचं दार ठोठावत गेला, आणि ज्यांची दारं जुनी, वेळच्या वेळी दुरुस्त न केलेली, त्यांत शिरत गेला. त्या लॅबमध्ये सगळीच जुनी होती.

"मग फोल्डर गायब कसे झाले?" मी विचारलं.

"सर, लोकांनी नेटवरचं कुठलंतरी फुकट औषध मारलं, ठाण्यातसुद्धा. किडा अर्धामुर्धा मेला, खोटे दरवाजे तसेच राहिले आणि उघडेनासे झाले. फाइली कुठं गेल्याच नाहीत. आतच आहेत, लपवलेल्या. मी कॉलेजच्या काढून दिल्या."

मला एवढं हलकं वाटलं की मी खुर्चीवर मागे टेकलो. पोरांची शिष्यवृत्ती वाचली होती. पण तिच्या बोलण्यात याहून मोठी गोष्ट होती. ज्या दिवशी फोल्डर गायब झाले, तो लागण झाल्याचा दिवस नव्हता. रोग आधीच, दोन-तीन आठवड्यांपूर्वी आत शिरला होता. म्हणजे 'दोन दिवसांपूर्वी बाईंच्या दुकानात गेलो होतो' या सगळ्या जबाबांना काडीचा अर्थ उरत नव्हता. किड्याची फाइल मशीनमध्ये कधी आली, ती तारीख-वेळ मात्र मशीनमध्येच नोंदलेली होती. तिनं ती यादी करून आणली होती. सगळ्यात आधी फोटो स्टुडिओ. तीन दिवसांनी एका सकाळी बाईंचं सेवा केंद्र, त्याच दुपारी कॉलेज. आणि अलीकडे, कॉलेजचा अर्ज आला त्या दिवशी, कृषी केंद्र आणि आमचं ठाणं.

"सर, एकच कुठलातरी पेन ड्राइव्ह या सगळ्या ठिकाणी फिरला आहे," ती म्हणाली. "तो कुणाचा, हे मशीन सांगणार नाही. ते तुम्हाला शोधावं लागेल."

ती चहाला गेली आणि मी बाहेर आलो. कडुनिंबाखाली म्हातारे बसलेलेच होते. त्या दिवशी मी नजर फिरवली नाही. शेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, बुलढाण्याची पोरगी काय म्हनते? मी जमेल तसं समजावून सांगितलं. एका मशीनचा रोग दुसऱ्याला लागतो, वरून काही दिसत नाही, आतून पसरतो.

ते म्हणाले, "मंग मरच म्हना ना."

मर म्हणजे वांग्या-मिरचीला लागणारा रोग. झाड वरून हिरवं दिसतं आणि मुळातून जातं.

मी म्हणालो, "तसंच समजा, आबा."

त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "साहेब, वाफ्यात मर लागली तं आमी मेलेल्या झाडाले इचारत नाही का बा तू काऊन मेलं. त्या वाफ्यातून निंघून दुसऱ्या वाफ्यात कोन उतरलं, ते पाह्यतो. माती पायाले लागून जाते, खुरप्याले लागून जाते. तुमी तं झाडालेच धरून बसले."

माझ्या आईचं एक खुरपं वेगळं असायचं. मुठीला चिंधी बांधलेलं. रोग लागलेल्या वाफ्यात तेवढंच चालायचं आणि ते धुतल्याशिवाय दुसरीकडे न्यायची सोय नव्हती. लहानपणी एकदा मी तेच खुरपं मिरचीच्या वाफ्यात नेलं, तेव्हा पाठीत बसलेला धपाटा मला बाकावर बसल्या बसल्या आठवला.

मी आत आलो. जमादार नुकतेच बाहेरून आले होते. त्यांनी सवयीनं मोटारसायकलची किल्ली टेबलावर टाकली. किल्लीला पेन ड्राइव्ह.

ठाण्याचं खुरपं.

मी स्टेशन डायरी मागवली. पोलिसाच्या आयुष्यात स्टेशन डायरीइतकी कंटाळवाणी वस्तू नाही. कोण किती वाजता कुठं रवाना झालं, किती वाजता परत आलं. दोन-तीन आठवडे मागे गेलो. तिथं मोटारसायकल चोरीचा एक तपास होता आणि त्याखाली जमादारांच्याच अक्षरात नोंद होती: बसस्टँड परिसरातील दुकानांचे सीसीटीव्ही फुटेज घेणेकामी रवाना. पुढं दुकानांची नावं, वेळेसकट. आधी फोटो स्टुडिओ, मग सेवा केंद्र, मग कॉलेज. या तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्याचं चित्रीकरण नेहमीच्या कॉम्प्युटरमध्येच साठायचं. एका दुकानात पेन ड्राइव्ह लावायचा, फुटेज घ्यायचं, पुढच्या दुकानात लावायचा. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत होतो. पोरीची यादी शेजारी ठेवली. स्टुडिओत रोग तीन दिवस आधीच बसलेला; सेवा केंद्र आणि कॉलेजचा तोच दिवस, तोच क्रम, दहा-पंधरा मिनिटांचा फरक. आणि कृषी केंद्र? ते माझ्या हुकमावरून. बिघडलेल्या फोल्डरांची नक्कल घेत फिरताना जमादारांनी तोच पेन ड्राइव्ह, तिथं काही बिघडलेलं नसतानाही, कृषी केंद्राच्या मशीनला लावून पाहिला होता. मग तो ठाण्याच्या मशीनला लावला. म्हणजे ज्या रोगाचा आम्ही तपास करत होतो, तो तपासाच्या निमित्तानं आम्हीच आणखी दोन ठिकाणी पेरून आलो होतो.

जमादार माझ्या खांद्यावरून वाचत होते. खाली बसले. पेन ड्राइव्ह किल्लीतून सोडवून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाले, "साहेब, हे डायरीत लिहू नका. बाईला सोडा, मशीन वापस करा, झालं. लिहिलं तं राहून जाते."

ते माझी काळजी करत होते, स्वतःची नव्हे. तीस वर्षं प्रामाणिक नोकरी केलेला माणूस होता तो. मी म्हणालो, "जमादार, तुमचं नाव लिहीत नाही. फिरायला मीच सांगितलं होतं."

आणि स्वतःच्या हातानं नोंद केली. ठाण्याच्या वापरातील पेन ड्राइव्हमधून प्रसार झाल्याचे निष्पन्न, सेवा केंद्र चालकाविरुद्ध कोणताही गुन्हा दिसून येत नाही. तहसीलला तसं पत्र, वरिष्ठांना अहवाल. वरून कानउघाडणी झाली, ती रास्त होती.

स्टुडिओवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे किडा आला होता तो पाहुण्यानं आणलेल्या अल्बमच्या डिझाइनच्या पेन ड्राइव्हमधून. त्या बिचाऱ्या पाहुण्यालाही माहीत नव्हतं. यादी ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे साहेब, माह्याच मशीनपासून?"

"तुमच्या मशीनपासून आमच्या पेन ड्राइव्हपर्यंत," मी म्हणालो. "पुढचं सगळं आमचं."

राहिलं बाईंचं मशीन. सासरे आणि सून दोघांना बोलावून मी सगळं सांगितलं, काही न लपवता. पावती पुढं केली. बाई सही करायला वाकल्या, तेवढ्यात म्हातारे म्हणाले, "थांब बाई." मग माझ्याकडे वळले. "मशीन देऊन राह्यले, ते चांगलं केलं. पन साहेब, मशीनसंग हिचं नावबी ठान्यात जमा झालं होतं. ते कसं वापस देता?"

चौतीस वर्षांत माझ्यासमोर पुष्कळ वकील उभे राहिले. एवढा नेमका प्रश्न एकानंही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांची माणसं यायची. भर गर्दीत सकाळी अकराला ठाण्याची जीप बसस्टँडसमोर थांबली. जमादारांनी तो डबा स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, कुणालाही हात लावू दिला नाही आणि दुकानात नेऊन ठेवला. शटर मी वर केलं. लोक जमलेच होते. पोलिसाची गाडी थांबली की जमतातच. मी बोनेटवर चढलो वगैरे नाही. उभ्याउभ्याच मोठ्यानं सांगितलं की गावातल्या कॉम्प्युटरांत जो रोग पसरला तो या बाईंनी पसरवला नाही. तो आमच्या ठाण्याच्या पेन ड्राइव्हमधून पसरला. चूक पोलिसांची, बाईंची नाही. आणि मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागतो.

गर्दीतून एक आवाज आला, "मंग आता पोलिसाले कोन पकडन बे?" सगळा बाजार हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. पदर सावरून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "हाव, सांगा काका, कोणता दाखला पाह्यजे?"

मला तेवढंच पुरे होतं.

सायबर शाखेच्या त्या पोरीनं बाईंना किडा काढायची रीत दाखवून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाला मान खाली घालून आपलं मशीन घेऊन त्यांच्याकडे गेला. बाईंनी साफ करून दिलं आणि परत देताना म्हणाल्या, "काका, आता मी व्हायरस काढून राह्यली, हेबी ठाण्यात सांगजा." हे मला खुद्द स्टुडिओवाल्यानंच सांगितलं, हसत. नंतर बाईंनी ठाण्यात येऊन आमच्या सगळ्या अंमलदारांना तासभर शिकवलं. जमादार पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. तेव्हापासून आमच्या ठाण्यात दोन पेन ड्राइव्ह झाले. बाहेरून आणायचा एक, तो तपासल्याशिवाय कुठंच लागायचा नाही. त्याला मी स्वतः चिंधी बांधली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं व्याख्यानांना गेलो की पोरं विचारतात. रोग कुणाला झाला हे पाहून गुन्हेगार ठरत नाही. सगळ्यांचा वावर जिथं असतो त्याच दारावर पहिला संशय जातो आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. आणि तपासाला निघालेल्या माणसानं आधी आपले पाय पाहावेत, कुठल्या वाफ्याची माती लागली आहे ते. हे सगळं मी सांगतोच. पण खरं सांगायचं तर मला त्या प्रकरणानं तीन शब्द दिले, 'मला माहीत नाही.' ते शब्द बी.ए.च्या प्रमाणपत्राबरोबर मिळायला हवे होते, ते बुलढाण्याच्या फोनवर कसेबसे निघाले आणि कडुनिंबाखाली पक्के झाले. ज्या म्हाताऱ्याच्या सुनेला मी आरोपी करायला निघालो होतो, त्यानं त्यांची किंमत मला फुकट शिकवली. ते आबा आता नाहीत. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो.

निवृत्त झाल्यावर काही कागदांच्या प्रिंट काढायच्या होत्या. आमच्या बुलढाण्यात दुकानं कमी नाहीत. तरी मी एसटीनं त्या गावी गेलो. दुकान आता मोठं झालं आहे, दोन मुली हाताखाली आहेत. काउंटरवर पाटी आहे: पेन ड्राइव्ह आधी तपासला जाईल. खाली बारीक अक्षरात, साहेबांचासुद्धा.

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढून पुढं केला. बाईंनी ओळखलं, चहा मागवला, घरची खुशाली विचारली. पण पेन ड्राइव्ह सरळ मशीनला लावला नाही. बाजूच्या जुन्या मशीनकडे वळल्या.

"दोन मिनिटं बसा साहेब. आधी पाहून घेते."

मी बाकावर बसलो. चांगला पूर्ण टेकून बसलो.